मुदत शून्य

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या खोलीत
नऊ स्विच. सगळे मुके.
त्यांना ठाऊक एवढंच, समोरचा तक्ता:
असं आलं तर तिकडं पाठव,
तसं आलं तर टाकून दे,
आणि कशातच बसलं नाही
तर हुबळीला विचार.

हुबळीला, हेड ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर कंट्रोलर.
त्याच्यापुढं बसलिंग मठपती,
चहाला उठतानाही सांगून उठणारा माणूस.
नियम तो पाठवतो,
इथं बसले की नाही ते मी बघते.
तो कन्नडात सुरू करतो, मी मराठीत संपवते,
मधले आकडे तेवढे दोघांचे.

(लॉकडाऊनात कोगनोळीच्या नाक्यावर
पास घेऊन चार तास उभी होते.
हवालदारानं नाव वाचलं, गाडीचा नंबर वाचला.
माझ्यासारखं त्याच्या कागदावर कुणी नव्हतं.
त्यानं फोन लावला, वर विचारलं.
वरचा जेवायला गेलेला.
तेव्हापासून तक्त्याच्या शेवटच्या ओळीची
मला जरा दया येते.)

मार्चअखेर बसलिंगचा फोन:
"जागा भरत आली, मॅडम. जुनं काढा."
बसले काढायला.
विकून टाकलेल्या लेथचे नियम,
फुटक्या कॅमेऱ्याचे,
एका प्रिंटरचे, ज्याला आम्ही सगळ्यांनी
मन लावून शिव्या दिल्या होत्या.

सातव्या स्विचवर एक ओळ.
प्राधान्य दहा, म्हणजे रांगेत पार मागं.
मुदतीच्या रकान्यात शून्य,
आणि मुदत शून्य म्हणजे लगेच नव्हे,
शून्य म्हणजे कायम.
कुकी चारशे सतरा.
तो भरमाच्या मोटरसायकलचा नंबर.
भरमा होनगेकर दोन वर्षांमागं मस्कतला गेला.
मोजणी: सव्वीस हजार एकशे आठ.
तासाला एक पाकीट, न चुकता,
कुणासाठी ते कुठंच लिहिलेलं नाही.

"यारदु?" बसलिंगनं विचारलं.
म्हटलं, कुणाचं ते कळेना.
"मग काढा."
काढलं.

बारा दिवस काही झालं नाही.
तेराव्या दिवशी गेटवरचा नेमू चौगुले
जिना चढून आला, टोपी हातात.
"बाई, भोंगा मागं पडूलालाय.
सहा मिनिटं.
पोरांची मच्छेची बस रोज चुकतीया."

गेटवरचं घड्याळ.
तासातून एकदा ते वेळ विचारायचं,
कुठून तरी उत्तर यायचं,
म्हणून ते बरोबर.
त्याच्याकडं बघून आम्ही हजेरीवर सह्या करायचो,
त्याच्यावर भोंगा, भोंग्यावर शिफ्ट,
शिफ्टवर ओतायचं लोखंड,
आणि मच्छेची बस तर कुणासाठीच थांबत नाही.

भरमाला मेसेज टाकला.
संध्याकाळी उत्तर आलं:
"कुठलं घड्याळ?"

ओळ परत लिहिली. प्राधान्य दहा. मुदत शून्य.
कुकीच्या जागी माझ्या गाडीचा नंबर घालणार होते,
पण ती गाडी विकली.
चारशे सतराच ठेवला.

मोजणी मात्र परत येत नाही.
नियम काढला की त्याचं सगळं जातं,
स्विच काही जपून ठेवत नाही.
सव्वीस हजार एकशे आठ
आता फक्त माझ्या वहीत,
किराणाच्या यादीखाली.

रात्री घरून फोन:
"काय करूलालीस गं अजून?"
येते म्हटलं.
खाली भट्टी उघडली होती, खिडकी तांबडी झालेली.
स्क्रीन बंद करायच्या आधी एकदा बघितलं.

सात.

आठ व्हायला अजून चाळीस मिनिटं होती.
पर्स उचलली, परत ठेवली.